चौऱ्याहत्तर किलोचा माणूस

आमच्या ह्यांनी एकेचाळीस वर्षं सिगारेट ओढली आणि बासष्टाव्या वर्षी एका मंगळवारी दुपारी सोडली. सोडली हा शब्द त्यांचा. मी तिथेच बसले होते, मी सांगते. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी ती काढून घेण्यात आली, आणि काढून घेणारी डॉक्टरीण आमच्या मुलीपेक्षाही लहान होती.

तिने ह्यांच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "अर्धीअधिक फुप्फुसं अजून कामाची आहेत," ती म्हणाली. "ती ठेवायची असतील तर आजपासून बंद. नाहीतर पुढची थंडी नाकात नळी घालून काढाल."

"वजन वाढेल," हे म्हणाले.

"वाढेल. बहुतेकांचं चार-पाच किलो वाढतं. चव परत येते, वास परत येतो, हाताला काम नसतं म्हणून तो सारखा तोंडाकडे जातो. पहिले काही महिने उपासतापास करू नका, नाहीतर दोन्हीकडून हाराल. चाला, पाणी प्या, गाजर-काकडी जवळ ठेवा. मागाहून उतरवू आपण."

"बाई, चार-पाच सोडा, मला अर्धा किलोही परवडणार नाही. धंद्याचा प्रश्न आहे."

डॉक्टरणीने ह्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. बहुधा तिला वाटलं असावं, हे नाटकात काम करतात. "काय करता आपण?"

"काटे दुरुस्त करतो. वजनकाटे."

तिला त्यातलं काही कळलं नाही. तुम्हालाही कळणार नाही, म्हणून सांगते. गोदामातले, पार्सलच्या खिडकीवरचे, भंगारवाल्याकडचे ते मोठे फळीचे काटे असतात ना, ज्यांवर पोतं ठेवतात, ते हे दुरुस्त करतात. काटा उघडायचा, साफ करायचा, स्क्रू पिळायचा आणि मग त्यावर वीस किलोची पाच लोखंडी वजनं एकामागून एक चढवून बघायची, शंभर दाखवतो की नाही. रीत अशी. पण वजनं चढवण्याआधी हे स्वतः काट्यावर उभे राहायचे. तिसाव्या वर्षी लग्नात उभे राहिले तेव्हा ह्यांचं वजन चौऱ्याहत्तर होतं आणि बासष्टाव्या वर्षीही चौऱ्याहत्तर. सकाळी चहा, चार सिगारेटी आणि एक टोस्ट, मग दिवसभर धूर. धुराला काय वजन असतं. सगळ्या बाजारात ह्यांची ख्याती. काट्यावर चढले आणि चौऱ्याहत्तर दिसलं की मालक म्हणणार, झालं, काटा बरोबर. शेवटच्या दोन वर्षांत तर दम लागायला लागला तशी ती लोखंडी वजनं हातगाडीवरच राहायला लागली. ही गोष्ट मला मागाहून कळली. गाडीवरचं लोखंड गंजत होतं आणि माझा नवरा माप होऊन गावभर फिरत होता.

दवाखान्याच्या जिन्यातच ह्यांनी अट घातली. घरी काटा नाही आमच्या. दिवसभर काट्यांची तोंडं बघायची, घरी परत तेच नको, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून अट पँटवर आली.

"ऐकून ठेव. ज्या दिवशी माझ्या पँटचं बटण लागणार नाही, त्या दिवशी मी पाकीट आणणार. मग तू बोलायचं नाहीस आणि ती पोरगीही बोलायची नाही."

"बरं," मी म्हटलं.

रागाच्या भरात ह्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. ह्यांच्या पँटी मी शिवते.

पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. चौतीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजते आहे. कमरेबद्दल माणूस जितकं खोटं बोलतो तितकं वयाबद्दल बोलत नाही. बत्तीस सांगतात, छत्तीस भरते, आणि टेपच खराब आहे म्हणतात. म्हणून मी प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीत आत भरपूर कापड राखून ठेवते. आम्ही त्याला माया म्हणतो. चार पँटी ह्यांच्या: एक काळी, एक तपकिरी, दोन राखाडी. चारींतही मागे दोन-दोन इंच माया घडी घालून निजलेली.

पहिले दहा दिवस घरात वाघ बाळगल्यासारखे गेले. हे पंखा का फिरतो म्हणून भांडले. चमचा ताटात वाजला म्हणून जेवण टाकून उठले आणि पाच मिनिटांनी परत येऊन माझंही जेवले. मग भूक आली. पूर यावा तशी आली, उंबरा न बघता. गाजरं आणली की ती ससा खातो तशी समोरच्या दातांनी संपायची, त्यावर शेंगदाणे, त्यावर लोणी लावलेला पाव, त्यावर 'काहीतरी गोड आहे का गं'. हत्यारांच्या पिशवीत पेचकस शोधायला हात घातला तर बिस्किटांचा चुरा. मशीनच्या खणातल्या माझ्या खोकल्याच्या गोळ्या संपल्या, आणि खोकला तर तेव्हा कोणालाच नव्हता.

पण रस्त्यावरून घरात शिरतानाच हे सांगायला लागले, आज कांदा परतलास ना. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाचा वास ह्यांना पहिल्यांदा आला. एकदा माझ्या मागून जाताना थांबले आणि म्हणाले, "तुझ्या केसांना तेलाचा वास येतो." मी म्हटलं, "तेल लावते म्हणून." तेवढंच. पण त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लागली.

आणि झोपेत ह्यांच्या छातीत जी शिट्टी वाजायची, वर्षानुवर्षं मी जी ऐकत पडायचे, थांबली तर का थांबली आणि वाजली तर का वाजते म्हणून, ती तिसऱ्या आठवड्यात थांबली. तेव्हा मी पक्कं ठरवलं. बटण लागलंच पाहिजे.

तसं ते दुसऱ्याच आठवड्यात अडायला लागलं होतं. कपडे बदलायच्या पडद्यामागून कण्हल्याचा आवाज आला.

"धुऊन आटली वाटतं ही," हे म्हणाले.

"आटलीच. कापडच तसलं. द्या इकडे, इस्त्रीने ओढून देते."

इस्त्री कसली. मागची शिवण उसवली, पाव इंच सोडला, परत मारली. दर धुण्याला एक पँट, दर पँटला पाव इंच. मशीनवर बसलं की माझ्या तोंडात दोन ओळी येतातच, आईकडून आलेली खोड आहे, पायाच्या तालावर काहीही जुळतं:

*सुईमागं दोरा पळे, दोऱ्यामागं माझा हात,*
*कंथ माझा फुगला गं, कुणा सांगू नको बात.*

बात कोणाला कळली नाही, एका बाईखेरीज. वरच्या मजल्यावर माझी नणंद राहते, ह्यांची थोरली बहीण. जिभेला हाड नाही आणि नजरेला झापड नाही.

"अगं, माझा भाऊ फुगतोय," ती जिन्यातूनच म्हणाली.

"सूज आहे, वन्सं. सिगारेट सोडली की येते."

"ढुंगणावर पण?"

"सगळीकडेच येते."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि माझ्या मशीनवर पडलेल्या तपकिरी पँटकडे बघून चष्मा पुसायला लागली. बात तिनेही पोटातच ठेवली. भाऊ तिचाही होता.

सातव्या आठवड्यात हे कामावरून आले ते कपाळाला आठ्या घालून. "गोदामातला काटा चार किलो जास्त दाखवायला लागला आहे."

"म्हणजे?"

"मी उभा राहिलो तर अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, असं कसं होईल. पँट तर सैल आहे मला, उलट. दोन वेळा उतरलो, दोन वेळा चढलो. अठ्ठ्याहत्तर. शेवटी स्क्रू पिळून चौऱ्याहत्तरवर आणला."

माझ्या हातातली सुई बोटात गेली.

"वजनं लावून बघितलीत ना पण?"

"मी उभा होतो की," हे म्हणाले, आणि उकडलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा काटा चार किलो जास्त. मग पार्सलच्या खिडकीवरचा. मग धुलाईवालीचा, तिच्याकडे चादरी वजनावर धुतात. हे रोज एक काटा सुधारून येत होते. "हवा दमट आहे यंदा," जेवताना मला समजावलं. "स्प्रिंगा ताणल्या गेल्यात सगळ्या. एकजात चार किलो. तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

सांगायला हवं होतं, मला कळतं. चार वेळा मी तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की काटे ठणठणीत आहेत आणि बिघाड तुमच्यात आहे? मग बटण, मग अट, मग पाकीट, मग परत ती शिट्टी. एका पारड्यात गावातले चार काटे आणि दुसऱ्यात एक माणूस. मी माणसाकडे झुकले आणि वर म्हटलं, कोणाचं काय बिघडलं आहे अजून. धुलाईवालीची गिऱ्हाइकं खूश होती, पार्सल पाठवणारे खूश होते. गावाचा भार हलका झाला होता म्हणायचा.

अकराव्या आठवड्यात गोदामाचा मुकादम दारात आला. घाम पुसत होता.

"काका, सिमेंटची पोती येतात आमच्याकडे. पोत्यावर छापलेलं असतं पन्नास. आपल्या काट्यावर प्रत्येक पोतं साडेसत्तेचाळीस. ट्रक परत पाठवला मी. ड्रायव्हरला चोर म्हटलं. आज तो दुसऱ्या काट्याची पावती घेऊन आला. पन्नासच आहे."

"मग तो काटा खराब असेल," हे म्हणाले.

"काका, तीन ठिकाणच्या पावत्या आहेत."

माझ्या नवऱ्याला काहीही म्हणा, कंजूष म्हणा, कुरकुऱ्या म्हणा, काटा चुकला म्हणू नका. हे उठले, मागच्या खोलीतून हातगाडी काढली, तिच्यावर ती लोखंडी वजनं. गंजाची पुटं पायजम्याच्या तुकड्याने पुसली. मी मशीन झाकलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"तू कुठे?"

"येते मी पण."

"कशाला?"

"फिरायला सांगितलंय ना डॉक्टरणीने. तुम्हाला सोबत."

गोदामात पोत्यांच्या ढिगावर चार हमाल बसले होते. ह्यांनी एक-एक वजन उचलून फळीवर ठेवलं. वीस. एकोणीस दाखवलं काट्याने. चाळीस. अडतीस. मी मोजत नव्हते, मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पाचवं वजन ठेवलं तेव्हा काटा पंचाण्णवपर्यंतही नीट गेला नाही. हे तिथेच उभे राहिले, हात गंजाने लाल, आणि त्या सुईकडे पोटच्या पोराने लोकांसमोर शिवी दिल्यासारखे बघत राहिले.

"मी... इथे उभा राहिलो होतो," हे म्हणाले. "मी बघितलं होतं."

आम्ही बाहेर सावलीत आलो. मुकादम चांगला माणूस, त्याने खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट ह्यांच्यापुढे धरली. सवयीनेच. इतकी वर्षं काम संपलं की दोघं तिथेच ओढायचे. ह्यांनी ती घेतली. बोटांत धरली. ती बोटं तिला विसरली नव्हती, अगदी घरी आल्यासारखी जाऊन बसली ती त्या दोन पेरांत.

"पँट मी उसवली," मी म्हटलं.

"काय?"

"मागून. चारही. दुसऱ्या आठवड्यापासून. काटे बरोबर होते, तुम्ही जाड झालात."

मागोमाग बाहेर आलेले हमाल ऐकत होते. ह्यांनी मान वळवून स्वतःच्या पाठीमागे बघायचा प्रयत्न केला. कुत्रं शेपटी धरायला फिरतं तसे दीड वेढा फिरले. शेवटी मुकादमच वाकला, चष्मा वर करून.

"काका, जुन्या शिवणीची भोकं दिसतायत. पाच, सहा, सात रांगा आहेत."

"आठ," एक हमाल म्हणाला.

"किती सोडलंस?" ह्यांनी मला विचारलं.

"दोन इंच. होती नव्हती ती माया संपली आता."

"म्हणजे अट मोडली होती."

"दुसऱ्या आठवड्यातच."

"म्हणजे नऊ आठवडे मला ओढायची मोकळीक होती आणि तू सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"आणि मी गावातले चार काटे बिघडवले, तेही तुला ठाऊक होतं."

"होतं."

कोणी हसलं नाही. हमालही नाहीत. हे मला काहीतरी फार वाईट बोलणार असं वाटलं, आणि बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी सिगारेट शर्टाच्या खिशात ठेवली, उभी, आणि म्हणाले, "आधी काटा."

त्या दिवशी आम्ही चारही ठिकाणी गेलो. हातगाडी ह्यांनीच ढकलली. प्रत्येक ठिकाणी शंभर किलो लोखंड चढवायचं, उतरवायचं, परत चढवायचं, आणि प्रत्येक ठिकाणी ह्यांनी मालकाला तोंडाने सांगायचं, चूक माझी झाली, माझं वजन वाढलंय. भंगारवाला म्हणाला, "मला दिसत होतं, काका, पण म्हटलं तुम्हाला कसं सांगायचं." पार्सलच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "माझ्या बाबांचं पण वाढलं होतं, त्यांनी परत सुरू केली. वजन काही उतरलं नाही, तेच गेले." ती हे सरळ आवाजात म्हणाली, पार्सलवर शिक्का मारत. तिच्या काट्यावर ह्यांनी वजनं दोनदा लावून बघितली.

धुलाईवालीने शेवटी ह्यांना सरळ केलेल्या काट्यावर उभं केलं. "बघू तरी, काका, नवीन माप काय ते." एकोणऐंशी. तिने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

घरी आल्यावर ह्यांनी हात धुतले आणि एका राखाडी पँटची घडी माझ्या मशीनवर ठेवली.

"होती तशी शिवून दे. पहिल्या शिवणीवर."

"कशाला?"

"फसवून सोडायला लावलेली मी मोजत नाही. उद्या सकाळी ही घालणार. बटण लागलं तर लागलं. नाही लागलं तर अट ती अट." आणि खिशातली सिगारेट काढून टेबलावर ठेवली, पाण्याच्या पेल्याशेजारी.

वन्सं खाली आल्या होत्या. त्यांनी पँटकडे बघितलं, सिगारेटकडे बघितलं. "ती मी वर घेऊन जाते," म्हणाल्या.

"राहू दे, ताई," हे म्हणाले. "कोणी हात लावायचा नाही."

मी शिवली. काय करणार, सांगितलं तसं शिवणं हा माझा धंदा. पहिल्या शिवणीची भोकं अजून दिसत होती, त्यांतूनच टाका नेला. एक मन म्हणालं, सूतभर तरी सोड. नाही सोडलं. फसवण्याचा माझा कोटा भरला होता. पाय चालत होते, तोंडात ओळ मात्र येईना. आली ती अर्धीच: *बारीक माझी शिवण, तिच्यात माझा जीव*, आणि पुढचं काही जुळेना.

सकाळी मी मशीनवर काहीतरी घेऊन बसले. काय होतं ते आठवत नाही, बहुधा नुसतीच दोरा ओवत होते. पडद्यामागे पँट पायांत गेली, मांड्यांवरून वर आली. मग थांबली. श्वास आत ओढल्याचा आवाज. लांब, पुरा, खोकल्याशिवाय आत गेलेला श्वास. अकरा आठवड्यांपूर्वी तो निम्म्यातच फुटला असता. मग पायाची टाच जमिनीवर आपटली. मग परत एक श्वास. मग काहीच नाही.

पडदा सरकला. पँटच्या दोन कडांमध्ये तीन बोटं अंतर होतं आणि त्यातून ह्यांचं पोट, नवीनच आलेलं, गोरंमोरं, बाहेर बघत होतं. सिगारेट टेबलावर होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

"लागत नाही गं."

"हं."

"अजिबात लागत नाही. दीड-दोन इंच राहतं."

"मग?"

हे टेबलापर्यंत आले. पाण्याचा पेला उचलला, उभ्याउभ्याच प्यायले, संपेपर्यंत. पेला खाली ठेवला. एका हाताने पँट धरून माझ्या मशीनपाशी आले आणि दुसऱ्या हाताने माझ्या गळ्यातली टेप ओढली.

"मग काय. दुसरी शिव. माप घे."

मी उठले. टेप कमरेमागून आणली, पुढे जुळवली. ह्यांनी पोट आत ओढलं.

"ओढू नका," मी म्हटलं. "सगळी गिऱ्हाइकं हेच करतात. सोडा."

"सोडलं."

"अजून."

"अगं, किती सोडू?"

"आहे तेवढं."

ह्यांनी सोडलं. मी आकडा मोठ्याने वाचला, वर राहणाऱ्या नणंदेलाही ऐकू जावा इतक्या मोठ्याने, आणि खडूने कापडावर लिहिला.

"माया किती ठेवणार आहेस?" ह्यांनी विचारलं.

"नेहमीएवढी. आत घ्यायलाही लागेल ना, उतरल्यावर."

"उतरेल?"

"चालायला लागा. परत ती लोखंडी वजनं रोज उचला, माणसं उभी करू नका काट्यावर. तुम्ही आता माप नाही राहिलात."

"मग काय राहिलो?"

मी टेप गुंडाळत होते. "एकोणऐंशी किलोचा नवरा," म्हटलं, "आणि तुमची पँट घसरली आहे, ती आधी धरा."